डावीकडे झाड, उजवीकडे पाठमोरी बाई

आमच्या शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचे आठवड्याला दोन तास आहेत. वेळापत्रक भिंतीवर असतं आणि तिथेच राहतं. प्रत्यक्षात त्या तासाला गणिताच्या बाईंचा धडा मागे पडलेला असतो, नाहीतर इंग्रजीच्या सरांना चाचणीचे पेपर वाटायचे असतात. कुणालाच काही नको असेल तर आम्हाला मैदानावरचं गवत उपटायला पाठवतात. सावंतवाडीच्या पावसात सोमवारी उपटलेलं गवत गुरुवारी पुन्हा हजर असतं, त्यामुळे हा विषय कधी संपत नाही. चित्रकलेचे सर वर्गाच्या दारापर्यंत येतात, फळ्यावर समीकरण चाललेलं बघतात आणि छत्री झटकत परत जातात.

म्हणून त्यांना मोकळा वेळ मिळतो असं नाही. अख्ख्या शाळेत अक्षर बरं असलेला माणूस एकच, असं सगळ्यांनी धरलेलं आहे. रोजचा सुविचार सरांनी लिहायचा, पाहुणे आले की ‘स्वागतम्’ सरांनी, स्नेहसंमेलनाचा पडदा सरांनी, प्रमाणपत्रांवरची नावं सरांनी, आणि क्रीडादिनाला मैदानावर फक्कीच्या रेघा मारायच्या असल्या तरी सरच. का, तर रेघ सरळ येते.

जूनमध्ये मात्र सरांचे दिवस येतात. शासकीय रेखाकला परीक्षेची सूचना वर्गावर्गातून फिरते. ही परीक्षा महाराष्ट्राचं कला संचालनालय घेतं. पहिली एलिमेंटरी, दुसरी इंटरमिजिएट, आमच्या भाषेत ‘इंटर’. मी आठवीत एलिमेंटरी दिली आणि गेल्या वर्षी, नववीत, इंटर. इंटरला ‘अ’ श्रेणी मिळाली तर दहावीच्या निकालात ७ गुण वाढतात, ‘ब’ला ५, ‘क’ला ३. एरवी चित्रकलेच्या वहीला ‘तो पसारा’ म्हणणाऱ्या घरांत या आकड्यांमुळे एकदम कलेचं वातावरण तयार होतं. आमच्या बाबांनी जेवता जेवता हिशेब केला. सात भागिले पाचशे म्हणजे एक पूर्णांक चार टक्के. “ब्रश हवे तेवढे घे,” ते म्हणाले. याआधी ब्रश मागितला होता तेव्हा त्यांनी जुन्या ब्रशचे केस धुऊन बघायला सांगितलं होतं.

शाळा सुटल्यावर आणि रविवारी सकाळी जादा तास सुरू झाले. जागा म्हणजे मोडके बाक रचून ठेवलेली मागची खोली. तिथे मला मनुष्यस्वभावाबद्दल जे कळलं ते मूल्यशिक्षणाच्या तासाला कळलं नव्हतं. पोस्टर कलरच्या संचात पांढरा सगळ्यांत आधी संपतो, कारण तो प्रत्येक रंगात लागतो. त्यामुळे जुलै उलटल्यावर वर्गात दोन जाती उरतात: पांढरा असलेले आणि पांढरा मागणारे. माझी बाकावरची मैत्रीण (नाव लिहिलं तर ती बोलणं टाकेल) मला गृहपाठ देते, डब्यातले घावणे देते, एकदा तिने स्वतःची छत्री देऊन भिजत घर गाठलं होतं. पांढरा तिने दिला नाही. माझ्यासमोर बाटली उलटी करून दाखवली, “संपला.” बाटलीच्या तळाशी चांगला बोटभर दिसत होता.

इंटरला चार पेपर असतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमितीसोबत अक्षरलेखन.

स्थिरचित्राला समोर वस्तू मांडलेल्या असतात. किटली, तांब्या, एखादं फळ किंवा भाजी, मागे कापड. दिसतं तसं काढायचं. सावंतवाडीच्या मुलांना इथे एक सोय आहे. आमच्याकडे चितार आळी आहे, आणि तिथे लाकडाची फळं-भाज्या मिळतात. खरी केळी दोन दिवसांत काळी पडतात, त्याआधी धाकटा भाऊ खातो. लाकडाची तशीच राहतात. मी त्यांच्यावरच सराव केला. माझं वांगं बघून सर म्हणाले, “वांगं छान, पण ही चमक चितार आळीची आहे. मंडईतलं वांगं आण.” आणलं. मग दिसलं की लाकडी वांग्यावरचा उजेड ठळक, कडा धरून बसलेला असतो, आणि खऱ्या वांग्यावरचा पसरट, जांभळ्यात हळूच मिसळलेला. देठाजवळ तर हिरव्याचे तीन-चार प्रकार होते. आजीला दाखवलं. तिने चष्मा वर करून विचारलं, “ह्या वांगा हा की काजूचो बोंडू?” आमच्या घरी परीक्षक एवढ्याच कडक आहेत.

भूमितीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्लॅन (वस्तू वरून दिसते तशी) खाली, एलिव्हेशन (समोरून दिसते तशी) वर, मधे एक्स-वाय रेघ, आणि शंकू आडवा पडला की रडायचं. गणिताच्या बाईंना या पेपरचं फार कौतुक. “शेवटी चित्रकलेतसुद्धा भूमितीच,” असं त्या स्टाफरूममध्ये सरांना ऐकवतात, आणि मग आमचा पुढचा तास घेतात.

संकल्पचित्रात दिलेल्या मापाच्या आकारात नक्षी भरायची असते. कधी नैसर्गिक आकार घ्या म्हणतात, कधी भौमितिक, कधी रंगसंगती उष्ण, कधी शीत. वर्गातल्या प्रत्येक नक्षीत मोर होता. मोर सोपा नाही, पण त्याचा पिसारा कुठल्याही कोपऱ्यात दडपून बसवता येतो. मी मोराला कंटाळून राजवाड्यात गेले. मोती तलावासमोरच्या आमच्या राजवाड्यात कारागीर गंजिफा रंगवत बसलेले असतात. गंजिफा म्हणजे खेळायचे गोल पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा, असे एकूण १२० पत्ते. गावातल्या माणसाला गावातलं बघायला सुचत नाही. मी याआधी तिथे फक्त पुण्याच्या पाहुण्यांबरोबर गेले होते. तेव्हा पाहुणे फोटो काढत होते आणि मी आइस्क्रीम कधी मिळणार याचा विचार करत होते. या वेळी नीट बघितलं. वर्तुळात मासा बसवायचा तर तो वळवावा लागतो, आणि वळवला की तो आपोआप पोहायला लागतो. कारागीर जी रेघ एका दमात ओढत होते तिला मला चार श्वास आणि एक खोडरबर लागत होता. पण मासा जमला. वर्गात मोरांच्या थव्यात एक मासा बघून सरांना बरं वाटलं असावं, कारण ते काही न बोलता पुढे गेले. ते बोलतात तेव्हा काळजीचं असतं.

खरी गंमत स्मरणचित्राची. यात दिलेल्या विषयांतला एक निवडायचा, बाजार, जत्रा, बसथांबा असला काहीतरी, आणि समोर काही नसताना माणसांसकट प्रसंग काढायचा. दोन तासांत, रंगवून. याला स्मरणचित्र म्हणतात हे अगदी योग्य आहे, कारण सगळे आठवूनच काढतात. फक्त बाजार आठवत नाहीत, गेल्या वर्षीच्या ताईचं चित्र आठवतात.

हे ‘तयार चित्र’ आमच्या शाळेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. डावीकडे झाड, खोड कागदाबाहेर जाणारं, म्हणजे फांद्या कमी काढाव्या लागतात. उजवीकडे डोक्यावर टोपली घेतलेली पाठमोरी बाई. मधे बाजूने दिसणारा मुलगा, हात खिशात. मागे कौलारू घर आणि विजेचा खांब. पुढे जागा उरली की कुत्रा. विषय बाजार आला तर बाईपुढे भाजी मांडायची, जत्रा आली तर मागे पाळणा उभा करायचा, बसथांबा आला तर खांबाला पाटी लावायची. पावसाळा आला तर बाईला छत्री द्यायची. गेल्या वर्षी एकीच्या चित्रात त्या बाईने एका हाताने टोपली धरली होती, दुसऱ्या हातात छत्री होती, आणि कडेवर मूलही होतं. ते कुणी धरलं होतं ते विचारू नका.

पाठमोरी का, तर चेहरा काढावा लागत नाही. खिशात हात का, तर बोटं काढावी लागत नाहीत. बोटं ही गोष्ट फार वाईट आहे. पाच काढली की सहा दिसतात. त्यामुळे आमच्या चित्रांतल्या बाजारात कुणालाही तोंड नाही, कुणालाही हात नाहीत, तरी खरेदी जोरात चालू असते.

सरांनी एका रविवारी सगळी चित्रं भिंतीला लावली. चाळीसेक पाठमोऱ्या बायका एका रांगेत. सर बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “हे सगळे तुमच्याकडे पाठ करून का उभे आहेत? तुम्ही काही केलंत का त्यांना?”

मग त्यांनी एक काम दिलं. कागद-पेन्सिल न घेता बाहेर जायचं, एका जागी उभं राहून बघायचं, घरी यायचं आणि मग काढायचं. बघताना काढायचं नाही. बऱ्याच जणांनी हे काम मनातल्या मनात केलं. माझ्या मैत्रिणीनेही. तिचं म्हणणं, तयार चित्र पाठ आहे तर मधेच नवीन आठवण कशाला भरायची. मी गेले ते कलेच्या प्रेमाने गेले असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे रविवारी घरी असलं की नारळ खोवायला लागतो.

एसटी स्टँडवर उभी राहिले. आधी सगळी माणसं सारखीच दिसली, नुसती गर्दी. थोड्या वेळाने सुटी सुटी व्हायला लागली. गाडीची वाट बघणारी माणसं सरळ उभी नसतात, जिकडून गाडी येणार तिकडे थोडी कललेली असतात. गाडी दिसली की पिशव्या उचलायच्या आधी एक हात पदराकडे किंवा खिशाकडे जातो, पैसे आहेत ना बघायला. मग खिडकीतून रुमाल आत पडतात. रुमाल टाकणाऱ्याचा चेहरा निर्धास्त असतो आणि रुमालावर बसणाऱ्याचा त्याहून निर्धास्त. घरी येऊन काढलं तर पहिल्या माणसाचे दोन्ही पाय खांबासारखे आले. सर म्हणाले, “माणूस दोन पायांवर सारखा उभा राहतो तो फक्त प्रार्थनेला. तेही मुख्याध्यापक समोर असतील तर.” दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला मी डोळे किलकिले करून बघितलं. बरोबर होतं. मुख्याध्यापकांनी पाठ फिरवली आणि आठवी ‘ब’ची अख्खी रांग डाव्या पायावर आली.

तिथून ही खोड लागली. रफ वहीची मागची पानं भरायला लागली. गणिताच्या बाई विचार करताना खडू हनुवटीला टेकवतात, म्हणून तिसऱ्या तासानंतर त्यांच्या हनुवटीवर पांढरा ठिपका असतो आणि त्यांना ते कुणीही सांगत नाही. इतिहासाचे सर खुर्चीवर बसण्याआधी पँट गुडघ्यापाशी चिमटीने उचलतात, आणि बसल्यावर पहिलं वाक्य बोलायच्या आधी घड्याळ कानाला लावतात, जे बॅटरीवर चालतं. मुख्याध्यापक थेट तयार चित्रातून आलेत, त्यांचे हात कायम मागे असतात. मधल्या सुट्टीत डबा उघडतानाची बोटं, मागच्या बाकावर मोबाईलच्या गोष्टी करतानाची मान, उत्तर येत नसताना वहीची पानं उलटण्याचा तो विशिष्ट वेग, सगळं दिसायला लागलं.

हातांसाठी मासळी बाजारात गेले. आजीने बांगडे आणायला पाठवलं होतं, म्हणजे अधिकृत काम होतं. कोळीणकाकू बांगडा साफ करत होत्या. डाव्या हाताचा अंगठा कल्ल्यात, उजव्या हातातला कोयता जागच्या जागी, हलतो तो मासाच. मी ती बोटं बघत इतका वेळ उभी राहिले की काकू ओरडल्या, “बांगडे घेवचे हत काय गो, की नुसते बघुचे?” मी दचकून हो म्हटलं आणि भाव न विचारता पैसे दिले. घरी आजीने बांगडे मोजले, पैसे मोजले, आणि पुढे पूर्ण आठवडा येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी गोष्ट सांगितली. पण त्या संध्याकाळी काढलेल्या हाताला पाच बोटं होती आणि ती पाचच दिसत होती.

मग चतुर्थीची सुट्टी लागली. कोकणात चतुर्थीला शाळा बंद, सराव बंद, माणसं घरात मावेनाशी. मुंबईहून आलेल्या आत्याने विचारलं, “चित्र काढतेस ना, मग माटवीखाली रांगोळी काढ.” माटवी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळापानांची चौकट. तिथून पुढे सगळ्या रांगोळ्या माझ्याकडे आल्या. सरांचं दुःख मला तेव्हा कळलं.

परीक्षा सप्टेंबरअखेरीला, दोन दिवस, रोज दोन पेपर. आमच्याकडे तेव्हा पाऊस असतोच. स्थिरचित्राला मधे स्टुलावर वस्तू मांडल्या होत्या आणि आम्ही गोलाने. कुठे बसायला मिळतं यावर अर्धं नशीब. माझ्या जागेवरून किटलीची चोच सरळ माझ्याकडे रोखलेली होती. बाजूने दिसली असती तर कुणीही काढली असती. समोरून ती नुसतं एक भोक दिसते आणि तरी ती पुढे आलीय हे दाखवायचं असतं. वांगं किटलीमागे होतं, मला फक्त देठ दिसत होता. देठाचे हिरवे मला पाठ होते, एवढं एक बरं.

खरं भांडण पंख्यावरून झालं. पंखा लावला की मागचं कापड हलायचं आणि प्रत्येकाची घडी बदलायची. बंद केला की रंग वाळायचा नाही. सावंतवाडीच्या दमट हवेत एक थर वाळेपर्यंत माणूस आयुष्याचा विचार करून घेतो. ज्यांचं पेन्सिलकाम चालू होतं ते “बाई, बंद करा,” आणि ज्यांचा रंग चालू होता ते “बाई, लावा.” पर्यवेक्षक बाई बटणापाशीच उभ्या राहिल्या. शेवटी वीजच गेली आणि दोन्ही पक्ष गप्प बसले. पेपर संपल्यावर शिपाईकाका आले, स्टुलावरचं वांगं पिशवीत घातलं आणि किटली चहासाठी घेऊन गेले.

स्मरणचित्राला मी बसथांबा घेतला. चार माणसं काढली, चारही समोरून किंवा बाजूने. एक बाई पैसे मोजत होती, तिचे दोन्ही हात दाखवले. एक आजोबा गाडीच्या दिशेने कलले होते. एकजण खिडकीतून रुमाल टाकत होता. हात मनासारखे होईपर्यंत मागची इमारत रंगवायला वेळच उरला नाही, तेव्हा मी पाऊस पाडला. जोराच्या पावसात मागचं काही दिसत नाही, हे आमच्या गावात कुणीही शपथेवर सांगेल. मैत्रिणीचं चित्र वेळेच्या खूप आधी झालं होतं. झाड, बाई, मुलगा, खांब, कुत्रा, खांबाला पाटी. उरलेल्या वेळात तिने कुत्र्याला पट्टा घातला आणि खिडकीतून बाहेर बघत बसली. निघताना मला पांढरा रंग हवा का विचारलं. आता!

निकाल दिवाळी होऊन बरेच दिवस झाल्यावर लागला. तिला ‘अ’, मला ‘ब’. श्रेणी चारही पेपरांची मिळून येते, आणि तिची भूमिती रेघेला रेघ बरोबर असते, तेव्हा माझ्या बसथांब्यावर अन्याय झाला असं मी म्हणत नाही. कुत्र्याने दोन गुण जास्त मिळवले असं तीही म्हणत नाही, पण तिला तसं वाटतं. बाबांनी पुन्हा हिशेब केला, पाच भागिले पाचशे, एक टक्का. मग आजीकडे बघून म्हणाले, “पॉइंट चार टक्के बांगड्यांत गेले.” आजी म्हणाली, “बांगडे ताजे होते.”

सर प्रमाणपत्र देताना श्रेणीबद्दल काही बोलले नाहीत. “रफ वही आण बघू,” म्हणाले. मी हादरले, कारण मागच्या पानांवर अख्खा शिक्षकवर्ग होता. त्यांनी शांतपणे सगळी पानं उलटली. हनुवटीवरच्या खडूपाशी थांबले, घड्याळापाशी हसले. नंतर विचारलं, “यात मी कुठे आहे?” मी पान काढून दिलं. वर्गाचं दार, दारात छत्री घेतलेले सर, आत फळ्यावर समीकरण. सरांनी वही मिटली. “छत्रीच्या काड्या आठ असतात,” म्हणाले, “तू सहाच काढल्यास.”

आता दहावी. वाढीव गुणांसाठी प्रमाणपत्राची प्रत शाळेत जमा करायची असते, ती मी पहिल्याच आठवड्यात केली, कारण बाबा रोज विचारत होते. आमच्या वर्गाला चित्रकलेचा तास या वर्षी वेळापत्रकातही नाही, निदान खोटं तरी नाही. पण विज्ञानाच्या वहीत आकृत्या असतात आणि त्या सगळ्यांना काढता येत नाहीत, तेव्हा मधल्या सुट्टीत माझ्या बाकापाशी रांग असते. दर ठरलेले आहेत. विद्युत मोटरला एक वडापाव. फुलाचा उभा छेद, नावांसकट, वडापाव आणि चहा. अमीबाचं द्विविभाजन फुकट, त्याचा आकार कसाही आला तरी बरोबरच असतो. प्रकाशाच्या अपवर्तनाचं काम मी घेत नाही, ते नुसतं पट्टीचं आहे. त्यासाठी पलीकडच्या बाकावर, ‘अ’ श्रेणीवाल्यांकडे जावं.